प्रकरण अकरावे : दोन वाट्या तेल

घाण्याच्या घरात भांडायची एक ठरलेली पद्धत होती. जेवणाचं टेबल गोल असल्यामुळे कुणीही कुणालाही तोंडावर बोलू शकत असे, आणि आप्पांनी पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला की विषय संपला असं समजायचं. त्या दुपारी मात्र, त्यांचंच तेल वापरणाऱ्या एका जपानी हॉटेलात, पाचही जणांना एका ओळीत बसवण्यात आलं होतं. समोर लांबलचक लाकडी काउंटर, आणि सगळ्यांची तोंडं शेफकडे. अशा बैठकीत माणूस फार तर दोघांशी बोलू शकतो, उजवीकडच्याशी आणि डावीकडच्याशी. तिसऱ्याशी बोलायचं तर पुढे वाकावं लागतं, आणि वाकून भांडणं शोभत नाही.

जागा शेफनेच ठरवल्या होत्या. सुट्टीचा दिवस असल्याने बाहेरचं गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरच्या डाव्या टोकाला तळणाची कढई होती, उजव्या टोकाला काचेच्या पेटीत मासे.

"आप्पा, तुम्ही कढईसमोर," शेफ म्हणाला. "तेल तुमचं आहे, आधी तुमच्यासमोर तापू दे."

आप्पांच्या शेजारी त्यांचा मुलगा थोरला, त्याच्या पलीकडे मुलगी छकुली, मग तिचा नवरा, म्हणजे जावईबापू, आणि शेवटी, माशांच्या पेटीपाशी, थोरल्याची बायको थोरली. या घरात धाकटी सून कधी आलीच नाही, तरी लग्नाच्या दिवशी पडलेलं थोरली हे नाव तसंच राहिलं. छकुलीचंही तसंच. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेची ती प्रमुख होती, केस निम्मे पांढरे झालेले, हाताखालची माणसं तिला मॅडम म्हणत आणि घाबरत. घरी आली की ती पुन्हा छकुली.

"मी आप्पांशेजारी बसते ना," थोरली उभ्याउभ्याच म्हणाली. "त्यांना जरा वाढायला लागतं."

"इथे वाढायचं काम माझं," शेफ हसून म्हणाला.

"बस गं वहिनी," छकुली म्हणाली. "एक दिवस आप्पांना तुझ्याशिवाय जेवू दे. उपाशी नाही राहायचे."

थोरली बसली. आप्पा आणि तिच्यामध्ये आता तीन माणसं होती.

एक मुलगी गरम पाण्यातून पिळून काढलेले छोटे टॉवेल घेऊन आली. तिने पहिला टॉवेल आप्पांपुढे धरला, आणि आप्पांचा उजवा हात आपोआप वर गेला. मुलीला वाटलं आजोबा नमस्कार करतायत. तिनेही वाकून नमस्कार केला. थोरला हसला. थोरलीने मान खाली घातली.

त्या वर गेलेल्या हाताचा अर्थ तिला एकटीलाच ठाऊक होता. दोन हिवाळ्यांपूर्वी आप्पांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास परतला नाही. आणि वास हेच तर आप्पांचं सगळं होतं. तिळाचं तेल चांगलं की वाईट हे घाण्यात ठरत नाही, त्याआधी भाजताना ठरतं. तीळ भट्टीत फिरत असतात, कोवळा वास येतो, मग खमंग येतो, आणि त्या खमंगपणाच्या टोकाला अगदी थोडा वेळ असा असतो की तेव्हाच भट्टी बंद करायची. लवकर केली तर तेल पुळचट, उशीर झाला तर कडवट. आयुष्यभर तो क्षण आप्पांच्या नाकाने पकडला होता. आप्पा हात वर करत आणि कामगार भट्टी बंद करत.

तापानंतरच्या पहिल्याच दिवशी थोरली डबा घेऊन भट्टीच्या खोलीत गेली, तेव्हा तीळ करपायला आले होते आणि आप्पा शांत उभे होते. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने घाम पुसायला म्हणून टॉवेल त्यांच्यापुढे केला. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. तेव्हापासून हेच चाललं होतं. ती रोज भट्टीच्या खोलीत जाई, योग्य वास आला की टॉवेल पुढे करी, आणि आप्पांचा हात वर जाई. कामगारांना वाटे, सून सासऱ्याची किती काळजी घेते. दोघांत याबद्दल एकदाही बोलणं झालं नव्हतं.

ती उत्तम करत होती. ते तिला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणालाही कळायची सोय नव्हती. आपलं काम कुणाच्या तरी लक्षात यावं असं तिला वाटत नसे असं नाही. पण ते लक्षात येण्याची वाट सासऱ्याच्या अब्रूवरून जात होती, म्हणून ती त्या वाटेला जात नसे.

शेफने कोलंबीची शेपटी धरून ती पातळ पिठात बुडवली आणि तेलात सोडली. बारीक चर्र असा आवाज उठला. थोड्याच वेळात ती काढून त्याने आप्पांसमोरच्या कागदावर ठेवली.

"लगेच खा. कुणासाठी थांबायचं नाही. इथे थांबणं म्हणजे मला शिक्षा."

"आमच्याकडे आप्पांनी घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही," थोरला म्हणाला.

"म्हणूनच आपल्याकडे सगळं गार खायची सवय आहे," छकुली म्हणाली.

आप्पांनी कोलंबी खाल्ली आणि मान डोलावली. कुरकुरीत आहे आणि गरम आहे, एवढं त्यांना नक्की कळलं असावं.

जावईबापू दाताचे डॉक्टर होते. सासरी बोलायचं कमी आणि खायचं बेताने, हे धोरण त्यांनी लग्नापासून सांभाळलं होतं. त्यांनी थोरलीला हळूच विचारलं, "वहिनी, हे शेपटीसकट खायचं?"

"मलाही नाही माहीत. तुम्ही खा, मी बघते काय होतं."

त्यांनी खाल्लं. काही झालं नाही. मग तिनेही खाल्लं. माशांच्या पेटीतून थंड खारा वास येत होता, भाताच्या लाकडी भांड्यातून आंबूस. त्यांच्यामधून वाट काढत तेलाची चव तिच्यापर्यंत आली. ती ओळखीची होती. त्या चवीत काहीतरी जरासं पुढे गेलेलंही होतं, पण इतक्या वासांत ते नेमकं सापडेना.

तिकडे थोरल्याने कामाचा विषय काढला होता. शेफ आणखी दोन ठिकाणी काउंटर उघडणार, अशी बातमी त्याच्या कानावर होती, आणि हे जेवण त्याचसाठी असणार असा त्याचा हिशेब. "तुम्ही फक्त आकडा सांगा," तो म्हणत होता. "आप्पा अजून रोज भट्टीपुढे उभे राहतात. या वयात."

"तेच तर म्हणते मी," छकुली म्हणाली. "या वयात कशाला? भाजलेल्या तिळाचा रंग मोजणारं यंत्र मिळतं. ते बसव. यंत्राला सर्दी होत नाही."

"यंत्राला नाकही नसतं."

"तुला तरी कुठे आहे? तू आयुष्यभर आप्पांच्या नाकावरच जगलास."

"आणि तू त्याच नाकावर शिकलीस, छकुले."

आप्पांनी पेला उचलला. पण काउंटरवर जाड कापड होतं, ठेवल्याचा आवाज आला नाही, आणि भांडण आणखी थोडा वेळ चाललं.

ते थांबवलं शेफने. त्याने आच मंद केली, मागच्या कपाटातून दोन बाटल्या काढून आप्पांसमोर ठेवल्या आणि दोन पांढऱ्या वाट्यांत थोडं थोडं तेल ओतलं. एका बाटलीला घाण्याचं नेहमीचं पांढरं लेबल होतं, दुसरीला सोनेरी.

सोनेरी लेबल थोरलीने घरी पाहिलं होतं. नवऱ्याच्या मेजावर छापखान्याचे नमुने पडलेले असत. भेट द्यायच्या बाटल्यांसाठी असेल, असं तिने गृहीत धरलं होतं.

"मला एक विचारायचं आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी तसदी दिली," शेफ म्हणाला. "पांढरं मी माझ्या गुरूंच्या काळापासून वापरतो. सोनेरी या मोसमात थोरल्यांनी आणून दिलं. खास आहे, आप्पा एकेक डबा हुंगून वेगळा काढतात, असं म्हणाले. आता याच काउंटरवर दोन्ही आहेत. आणि मला फरक कळत नाही."

थोरल्याने ओठ पुसले. आप्पांनी मान वळवली नाही. आपण डबे हुंगून वेगळे काढतो, ही बातमी त्यांना आत्ताच कळत होती. तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. घाण्याचा मालक म्हणून एवढं त्यांना जमत होतं.

"रोज सकाळी काही खायच्या आधी हुंगतो," शेफ पुढे म्हणाला. "आधी वाटलं सर्दी असेल. मग सहकाऱ्याला विचारायला लागलो. त्याला कधी फरक वाटतो, कधी नाही, तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देतो. मग मीच ठरवलं. पुढच्या महिन्यात काउंटर त्याच्या हवाली करतोय. ज्याला तेल कळत नाही त्याने कढईपुढे उभं राहू नये."

"असं कसं, शेफ," थोरला घाईने म्हणाला. "फरक बारीक असतो. दुसऱ्या कुणालाही—"

"बारीक फरकासाठीच लोक इथे येतात." शेफच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "जाण्याआधी ज्यांनी निवडलं त्यांच्या तोंडून ऐकावं म्हटलं. आप्पा, माझं काय हुकतंय?"

आप्पांनी पहिली वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले. मग दुसरी. त्यांनी वेळ घेतला, आणि तो त्यांनी इतका छान घेतला की थोरलीलासुद्धा क्षणभर शंका आली.

"हे पांढरं," आप्पा म्हणाले. "आणि हे सोनेरी. सोनेरीची भाजणी संथ आहे. शेवट गोड येतो."

"गोड," शेफ म्हणाला. त्याने स्वतः पुन्हा हुंगलं आणि वाटी खाली ठेवली. "नाही. मला नाही येत. म्हणजे गेलंच माझं." आणि तो रताळ्याच्या चकत्या पिठात घोळवू लागला. जशी एखादी तारीख ठरते आणि माणूस कामाला लागतो, तसा.

आप्पा समोर बघत होते. मुलाला उघडं पाडायचं नाही आणि स्वतः उघडं पडायचं नाही, ही दोन कामं त्यांनी एका वाक्यात केली होती. त्याचं मोल तिसराच माणूस देत होता.

"मला बघू द्या त्या वाट्या," थोरली म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण काउंटरच्या त्या टोकाकडून आत्तापर्यंत आवाजच आला नव्हता.

"तुला कशाला?" थोरला पुढे वाकून म्हणाला. "तू खा ना. तुझ्यासमोर मासे आहेत, ते खा."

"अहो, नुसतं बघते."

"आप्पांनी सांगितलंय ना? मग झालं."

"दे रे दादा, वाट्या काय झिजतायत?" छकुलीने त्याच्या पुढ्यातून हात घालून आप्पांसमोरच्या दोन्ही वाट्या ओढून घेतल्या आणि प्रयोगशाळेत करतात तशी हाताने हवा नाकाकडे लोटून पाहिलं. "सोनेरी जास्त खमंग आहे. बरंच."

"लेबल बघून सांगतेस की हुंगून?" जावईबापूंनी विचारलं.

"तू बघ मग."

त्यांनी दोन्ही हुंगल्या. "मला तर दोन्ही सारखीच वाटतात."

"तुला घरात दूध उतू गेलं तरी पत्ता नसतो," छकुली म्हणाली, आणि तो मुद्दा तिथेच निकालात निघाला.

वाट्या थोरलीसमोर आल्या. तिने माशांच्या पेटीकडे पाठ केली. पहिली वाटी तिने थोडी दूर धरली, मग जवळ. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

मघापासून न सापडणारी गोष्ट दोन्हींत अगदी वर होती. या मोसमात एकदा भट्टीचा ड्रम फिरवणारा पट्टा तुटला होता. तिने टॉवेल वेळेवर पुढे केला, आप्पांनी हात वर केला, पण ड्रम उपसता येईना, आणि तीळ गरम पत्र्यावर नको इतका वेळ पडून राहिले. ते तेल वाया घालवण्याइतकं वाईट नव्हतं, पण शेवटाला धुराची एक बारीक रेघ राहिली होती. ती रेघ पांढऱ्यात होती. तीच सोनेरीत होती. एका दिवसाचं, एका भट्टीचं, बहुधा एकाच पिंपातलं तेल.

तिने मान वर केली. थोरला तिच्याकडे बघत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की तो नजरेने काय मागतोय हे विचारावं लागत नव्हतं. फरक आहे, एवढंच ती म्हणाली असती तरी सगळं जागच्या जागी राहिलं असतं. नवऱ्याचं लेबल राहिलं असतं, सासऱ्याचं नाक राहिलं असतं, उद्यापासून टॉवेलही राहिला असता. फक्त एका परक्या माणसाने आपली कढई सोडून दिली असती. आणि ती पुन्हा रोज भट्टीपुढे उभी राहून योग्य वासाची वाट पाहत राहिली असती, एकदा खरा वास ओळखूनही आपण तो नाकारला हे मनात ठेवून.

"शेफ," ती म्हणाली, "तुमचं नाक शाबूत आहे. हे एकच तेल आहे."

रताळ्याची चकती तेलात गेली आणि चुरचुरली.

"काहीतरीच काय बोलतेस?" थोरला म्हणाला. "तुला काय कळतं त्यातलं?"

"दादा, एकच आहे का?" छकुलीने विचारलं.

"अगं, पिंपं वेगळी आहेत."

"पिंपं नाही विचारली, तेल विचारलं."

"आत्ता आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं ना? सोनेरी गोड येतं म्हणून?" थोरल्याला एक भक्कम भिंत सापडली होती, तो तिला टेकला. "आता आप्पांपेक्षा हिला जास्त कळायला लागलं?"

या प्रश्नाचं उत्तर थोरलीला येत होतं. ते दोन वर्षं तयार होतं. पण ते द्यायचा हक्क तिचा नव्हता, म्हणून तिने वाट्या एकमेकींशेजारी ठेवल्या.

"कळतं," आप्पा म्हणाले.

थोरल्याने वळून पाहिलं.

"हिला जास्त कळतं. माझं नाक त्या तापात गेलं." त्यांनी हे शेफला सांगितलं, मुलांना नाही. परक्याला सांगणं सोपं जात असावं. "तुमचं गेलेलं नाही. माझं गेलंय. मघाशी मी जे बोललो ते पाठ होतं म्हणून बोललो. तेलाबद्दल बोलायला मला वास लागत नाही."

"आणि मग भट्टी?" छकुलीचा आवाज खाली आला होता. "दोन वर्षं भट्टी कोण बघतंय, आप्पा?"

"ही."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी हात वर करतो."

जावईबापूंना हसू आलं. ते त्यांनी पाण्याच्या घोटात बुडवलं. छकुली हसली नाही. तिने वहिनीकडे असं पाहिलं, जसं नेहमीच्या वापरातल्या डब्यावर अचानक काहीतरी लिहिलेलं दिसावं.

"तरीच," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचे सगळे नमुने माझ्याकडे तपासले, एकातही खोट निघाली नाही. मी म्हटलं, आप्पा म्हातारपणी सुधारले."

थोरला अजून मघाच्याच बोलण्यावर अडकला होता. "म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नाही?"

"घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं," थोरली म्हणाली. "आणि सोनेरी लेबलाचंही कुणाला माहीत नव्हतं."

थोरल्याच्या स्वभावात लबाडी फारशी नव्हती, घाई होती. गिऱ्हाइकाला नवीन काहीतरी दाखवावं म्हणून त्याने नवीन कागद चिकटवला, आणि कागद चिकटवला म्हणून त्यामागे एक गोष्ट सांगावी लागली. गोष्टीत आप्पांचं नाक घातलं, कारण घरातली सगळ्यात खात्रीची वस्तू तीच होती.

शेफ हे सगळं ऐकत रताळं काढून कागदावर ठेवत होता. त्याने आता थोरलीकडे पाहिलं. "धूर आहे का हो? अगदी शेवटाला?"

"आहे. पट्टा तुटला होता."

"दोन्हींत?"

"दोन्हींत."

"मला वाटलं माझ्याच कढईचा." त्याने हात पुसले आणि काउंटरवर दोन्ही तळवे टेकून थोडा वेळ तसाच उभा राहिला. एरवी त्याचे हात रिकामे नसत. "काउंटर तर मी सोडत नाही आता. पण तेल घ्यायचं तर एका लेबलाचं घेईन. आणि असं काही झालं, पट्टा तुटला, पाऊस लागला, तर त्याच दिवशी तुम्ही मला फोन करायचा. थोरल्यांनी नाही."

"बरं," ती म्हणाली.

"सोनेरी लेबलं ढीगभर छापलीत," थोरला स्वतःशीच म्हणाला. "त्यांचं काय करू?"

"कपाळावर लाव एकेक," छकुली म्हणाली. "रोज बदलायला होतील."

त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं, पण छकुलीने यंत्राचा विषय त्या दिवशी पुन्हा काढला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीनंतर आणखी काही होईल असं थोरलीला वाटलं होतं. दोन वर्षं तिने हे कुणाला तरी कळण्याची कल्पना केली होती, आणि त्या कल्पनेत नेहमी पुष्कळ बोलणं होतं. प्रत्यक्षात जावईबापूंनी आणखी पाणी मागितलं.

शेफने आच वाढवली. कांद्याची जाड चकती, मध्ये काडी खोचून, पिठात बुडवून तेलात सोडली. पाच चकत्या पाठोपाठ तळल्या आणि पाच कागदांवर ठेवल्या. आप्पांनी आपली उचलली, चावली आणि चावता चावता थांबले.

"सूनबाई."

"काय, आप्पा?"

"कसं लागतंय?"

थोरला आणि छकुली दोघांनीही खाणं थांबवलं. थोरलीने आपली चकती चावली आणि तोंडातला घास संपेपर्यंत ती बोलली नाही.

"कांदा गोड आहे," ती म्हणाली. "आधी पिठाची चव येते, तिला फार अर्थ नाही, ती नुसती दार उघडते. मग गोड. कडेला थोडं जळलंय, पण ते हवं तेवढंच आहे. आणि गिळल्यावर तेल मागे राहतं. जिभेवर नाही, वर, नाकाच्या मुळाशी."

"खमंग?"

"खमंग. तुम्ही आधी काढायचात तसंच. धुराचं बोट लागलंय म्हणून थोडं उणं."

आप्पा सावकाश चावत होते. शेफने पुढचा तुकडा पिठात बुडवला होता, तो त्याने तसाच धरून ठेवला.

"आणखी सांग," आप्पा म्हणाले.

"दुसरा घास घ्या आधी," थोरली म्हणाली. "गरम आहे तोवरच सांगता येतं."